उजव्या डोळ्याचं प्रूफ

डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा मला पहिल्यांदा दिसली ती डॉक्टरबाईंच्या टेबलावरची कोऱ्या कागदांची चळत. कागद निळसर पांढरा होता, चांगल्या आर्ट पेपरसारखा. एवढ्याशा दवाखान्यात इतका भारी कागद कशाला वापरतात, असं वाटून गेलं. मग डावा डोळा हातानं झाकून उजव्यानं पाहिलं, तर त्याच जागी रद्दीत निघालेल्या मासिकाची पानं. परत डावा, परत उजवा.

"काका, तक्ता भिंतीवर आहे," बाई म्हणाल्या.

त्यांना काय सांगणार? चौतीस वर्षं माझं पोट पांढऱ्यावर चाललं. मी छापखान्यात रंगखात्यात होतो. सुरुवात प्रोसेस कॅमेऱ्यावर. तो कॅमेरा गळ्यात अडकवायचा नव्हता, त्याच्या पोटात माणूस उभा राहायचा. मागची बाजू डार्करूममध्ये, पुढची बाहेर दिव्यांच्या झोतात. एका रंगीत चित्राचे चार तुकडे करायचे, निळा, किरमिजी, पिवळा, काळा, आणि चार प्लेटांनी ते कागदावर पुन्हा सांधायचे. या चौघांत पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे जिथं काहीच छापलं नाही तो कागद. त्यामुळे बाकी सगळे रंग त्याच्याच भरवशावर. प्रूफ आलं की मी आधी कागद बघायचो, मग चित्र. दिवाळी अंकांच्या हंगामात एकेका मुखपृष्ठाची चार चार प्रूफं माझ्या हाताखालून जायची आणि "किरमिजी पाच टक्के कमी" एवढं मी म्हटलं की खाली मशीनवरचा माणूस वाद घालत नसे.

आणि हा माणूस कितीतरी वर्षं चहाच्या काचेतून जग बघत होता. मोतीबिंदू एका रात्रीत येत नाही. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळं, मग तपकिरी होत जातं, निळा प्रकाश अडवत जातं, आणि मेंदू इतका सांभाळून घेणारा की त्याला पांढरंच म्हणत राहतो. नोकरीच्या शेवटच्या सात-आठ वर्षांत मी किती मुखपृष्ठं पास केली असतील? किती आकाशं? त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे कधीतरी हिशेब लागला: मूळ चित्र आणि प्रूफ मी त्याच डोळ्यांनी बघत होतो. चष्मा पिवळा असला तरी दोन्ही गोष्टी त्याच चष्म्यातून. जुळणी चुकायचं कारण नव्हतं, निदान फारसं नव्हतं. एवढं पटल्यावर झोपलो.

उजवा डोळा पंधरा दिवसांनी करायचा होता. पण रक्तातली साखर चढली आणि तारीख सहा आठवडे पुढं गेली. त्या सहा आठवड्यांत मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, "आधी डोळे तरी जागेवर बसू देत." मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, फोनमध्ये काय वाईट येतात फोटो?" दोघांचंही बरोबर होतं. पण एका डोळ्याला इतकं लख्ख दिसायला लागल्यावर माणूस गप्प कसा बसणार?

वही काढली. मधे उभी रेघ मारली. डावीकडे फुजीफिल्म एक्स-टी५, उजवीकडे निकॉन झेडएफ. हेच दोन का, तर दोघांच्याही डोक्यावर खऱ्या चकत्या आहेत: शटरची वेगळी, आयएसओची वेगळी. मेनूत शिरून बोटांनी शोधाशोध करायची माझी तयारी नव्हती. फुजी नोव्हेंबर २०२२चा, निकॉन सप्टेंबर २०२३चा. फुजीत ४०.२ मेगापिक्सेल, निकॉनमध्ये २४.५. बॅटरी आणि कार्डासकट फुजी ५५७ ग्रॅम, निकॉन ७१०. दोन्हींची किंमत दीड लाखाच्या पुढं. तो आकडा मी वहीत मुद्दाम बारीक अक्षरात लिहिला, वही घरात उघडीच पडलेली असते.

मेगापिक्सेलच्या आकड्यानं मी भारावलो नाही. छापखान्यातला माणूस त्याचा लगेच इंचांत हिशेब करतो. इंचाला तीनशे ठिपके धरले तर निकॉनचं चित्र वीस बाय साडेतेरा इंच छापता येतं, फुजीचं पावणेसव्वीस बाय सतरा. दिवाळी अंकाच्या साडेसात बाय दहाच्या मुखपृष्ठाला सात मेगापिक्सेल रग्गड झाले. आणि मी काही मुखपृष्ठ छापणार नव्हतो.

मला गुंतवलं ते संवेदकावरच्या नक्षीनं. कॅमेऱ्याच्या संवेदकाला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी-जास्त कळतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एक इवलीशी काच बसवतात आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून भरून काढतात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी याची एक मांडणी केली, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात: चार घरांचा चौकोन, दोन हिरवी, एक लाल, एक निळं. हिरवा दुप्पट, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावा हिरव्यात जास्त कळतो. निकॉनमध्ये हीच. फुजीनं मात्र सहा बाय सहाचा मोठा चौकोन घेतला आहे. छत्तीस घरांत वीस हिरवी, आठ लाल, आठ निळी, जरा विस्कटून मांडलेली. एक दोन-दोन ठिपक्यांची रांगोळी, दुसरी सहा-सहांची.

विस्कटायचं कारण वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. मॉयरे! कापडाच्या विणीसारखी बारीक नक्षी कॅमेऱ्याच्या ठिपक्यांवर आली की दोन जाळ्या एकमेकींवर चढून तिसरीच लहर उमटते, ती टाळायला. ही लहर म्हणजे माझा जुना वैरी. तिच्यासाठीच आम्ही चार रंगांच्या चार जाळ्या चार कोनांत फिरवायचो: काळी पंचेचाळीस अंशांवर, किरमिजी पंचाहत्तरवर, निळी पंधरावर, आणि पिवळी शून्यावर, कारण पिवळा डोळ्याला सगळ्यात कमी टोचतो, त्याला कुठंही बसवा. एकदा पैठणीच्या जाहिरातीत पदरावर अशी लाट उठली होती की मालक धावत आला. जपानात कुणीतरी त्याच लाटेवर डोकं चालवत बसलं होतं, हे वाचून उगाचच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. फुजीच्या खान्यात मी एक चांदणी काढली.

याच काळात दुसरीही एक निवड चालू होती, तिला मात्र वही नव्हती. उजव्या डोळ्यात कोणतं भिंग घालायचं? डाव्यात एककेंद्री घातलं होतं, लांबचं स्वच्छ दाखवणारं, वाचायला चष्मा लागणारं. आता बाई म्हणत होत्या, "उजवा हवा तर जवळचा करू या, म्हणजे पेपर चष्म्याशिवाय वाचता येईल. एक डोळा लांबचा, एक जवळचा. मेंदू जमवून घेतो." बहुकेंद्रीही मिळत होतं, पण त्यात रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. झूम भिंग आणि एकाच लांबीचं भिंग यांतला जुनाच वाद, फक्त इथं ते परत करता येत नाही. आतलं भिंग सहा मिलिमीटरचं. ते डोळ्याला मानवतं हे कळलं तेही दुसऱ्या महायुद्धामुळे. वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण घुसले आणि डोळ्यांनी ते निमूट ठेवून घेतले, हे डोळ्यांचे सर्जन हॅरोल्ड रिडली यांच्या ध्यानात आलं, आणि २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनमध्ये त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. डोळ्यात घालायच्या भिंगांत मुद्दाम पिवळसर छटेचीही एक जात असते. माझं बिनरंगाचं आहे. म्हणून तर कागद इतका निळा दिसला.

तपासणीच्या कागदावर माझ्या डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी लिहिली होती: २३.४८ मिलिमीटर. तो आकडा कुठंतरी पाहिला आहे असं वाटत राहिलं. वही उघडली. फुजीच्या संवेदकाची रुंदी २३.५. निकॉनचा पूर्ण चौकटीचा, ३६ बाय २४, जुन्या रोलच्या एका चित्राएवढा. या जुळणीला काहीच अर्थ नाही हे मला कळत होतं, तरी फुजीच्या खान्यात मी दुसरी चांदणी काढलीच.

मग एका दुपारी डोंबिवलीहून गाडी पकडून बोरा बाजारात गेलो. फोर्टातली ती गल्ली मला नोकरीपासून ठाऊक. दुकानातल्या मुलानं दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले, निर्विकारपणे, साड्या दाखवणारा माणूस घड्या उलगडतो तसे. आधी फुजी डोळ्याला लावला. वजन हातात छान बसलं. दारातून बाहेर पाहिलं: हातगाडी, धुतलेला पांढरा सदरा घातलेला एक हमाल, वर ताडपत्री. सगळ्यावर ऊन उतरल्यासारखी ऊब. मग निकॉन घेतला. याच्या पितळी चकत्या फिरवताना बोटाला जो खटका जाणवतो त्यावर एक वेगळा लेख होईल. पाहिलं, तर तोच हमाल, सदरा मात्र निळीतून काढलेला. स्वच्छ, थंड, करकरीत.

"कलरमध्ये फरक आहे," मी तज्ज्ञासारखं म्हणालो.

"असतो ना काका. फुजीचे कलर वॉर्म, निकॉनचे न्यूट्रल," मुलगा म्हणाला. दुकानदारानं मान डोलावली. मीही. फुजी मुळात फिल्म करणारी कंपनी, प्रोव्हिया, वेल्व्हिया ही तिच्या फिल्मांची नावं आता कॅमेऱ्यात रंगांच्या तऱ्हा म्हणून बसली आहेत, तेव्हा ऊब असणारच, असं मी त्या मुलाला समजावूनसुद्धा सांगितलं.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. मस्जिद गेलं, भायखळा गेलं. फुजी डोळ्याला लावला तो मी चाळीस वर्षांच्या सवयीनं, उजव्या डोळ्याला. मग आठवलं की चांगला डोळा डावा आहे, म्हणून निकॉन डाव्याला लावला. दादरच्या आसपास हा उजेड पडला. मी समोरच्या डब्याच्या भिंतीकडे पाहिलं. उजवा डोळा मिटला, डावा उघडला. डावा मिटला, उजवा उघडला. फुजी. निकॉन. फुजी. निकॉन. समोर बसलेला कॉलेजचा पोरगा आधी हसला, मग अस्वस्थ झाला, मग बॅग उचलून दाराशी जाऊन उभा राहिला. मी खिशातून थेंबांची बाटली काढून त्याला दाखवली; त्यानं काय अर्थ घेतला कोण जाणे.

चौतीस वर्षं जी एक गोष्ट पाळली तीच मोडली होती. मूळ एका डोळ्यानं पाहिलं आणि प्रूफ दुसऱ्यानं.

दोन दिवसांनी परत गेलो. या वेळी उजव्या डोळ्यावर रुमाल धरला आणि दोन्ही कॅमेरे डाव्यानंच पाहिले. दुकानातल्या मुलाला सांगून दोन्हीकडे रंगाची साधी, प्रमाण तऱ्हा लावून घेतली. फरक होता, पण तो प्रूफावर मी "ठीक" लिहून सोडून दिला असता एवढाच. दोन्हींच्या डोळाखिडकीत छत्तीस लाख नव्वद हजार ठिपके, दोन्हींत चित्र मोठं दिसण्याचं प्रमाणही सारखंच. मी जी ऊब आणि जो थंडपणा सगळ्यांना सांगत सुटलो होतो, तो दोन कंपन्यांचा नव्हता.

आता निवडायचं कशावर? पिशवीत दादाचं भिंग होतं. दादा मस्कतला असताना त्यानं निकॉन एफएम२ घेतला होता. सगळा यांत्रिक कॅमेरा, सेल फक्त उजेड मोजायला, सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचा शटर. झेडएफ दिसायला त्याच्यावरच बेतला आहे. दादा गेल्यावर वहिनींनी तो मला दिला. अंगाला काही झालेलं नाही, पण ५० मिलिमीटरच्या भिंगात मुंबईचे पावसाळे शिरले. शेजारच्या गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्यानं ते उजेडाकडे धरलं. आत पांढऱ्या तंतूंचं जाळं, मधोमध दाट, कडेला विरत गेलेलं. "बुरशी आहे, साहेब. उघडून पुसावं लागेल. थोडा डाग राहील." मोतीबिंदू हा शब्द त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

पुसलेलं भिंग आठवड्यानं मिळालं. ते दुकानात आधी फुजीवर चढवलं, मग निकॉनवर. जुनं भिंग नव्या कॅमेऱ्यावर चढवायला मधे एक नळी लागते, आणि ती नळी आतून संपूर्ण रिकामी असते. जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत साडेसेहेचाळीस मिलिमीटर अंतर असायचं, कारण मधे आरसा तिरका उभा असायचा. आरसा गेला, नव्या निकॉनमध्ये अंतर सोळावर आलं. उरलेले साडेतीस मिलिमीटर म्हणजे ती नळी. आरशाची रिकामी खोली. त्या आरशाची एक गंमत दादा सांगायचा: खटका दाबला की आरसा वर उडतो आणि डोळ्यापुढं अंधार होतो. म्हणजे जो क्षण फोटोत येतो तेवढाच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही.

फुजीवर त्या भिंगानं गल्ली पाहिली तर चहावाल्याचं तोंड, किटली आणि त्याच्या पाठीमागचा निळा दरवाजा. संवेदक लहान, म्हणून भिंगानं टाकलेल्या चित्राचा मधला भागच घेतो. पन्नासचं पंचाहत्तरसारखं होतं. निकॉनवर तेच भिंग लावलं आणि चहावाला बाजूला सरला, बाकावर बसलेली दोन माणसं आली, कोपऱ्यातली सायकल आली. आमच्या दापोलीच्या घराच्या ओटीवर दादा सगळ्यांना उभं करायचा, मागं मागं जात अंगणातल्या तुळशीला पाठ टेकेपर्यंत, आणि कडेची आत्या नेहमी जेमतेम आत असायची. फुजीवर आत्या गेली असती.

वहीतल्या बेरजेनं फुजी पुढं होता. हलका, जास्त ठिपके, दोन चांदण्या. मी निकॉन घेतला. बिलाचा कागद डाव्या डोळ्यानं पाहिला, आकडा दोन्हींनी.

उजव्या डोळ्याची तारीख गुरुवारची मिळाली. बुधवारी सकाळी गॅलरीत गोकर्णाला चार फुलं आली होती. डाव्या डोळ्याला ती निळी, अशी निळी की शाईची बाटली लवंडली असावी. उजव्याला राखाडी-जांभळी, धुऊन विटलेल्या कापडासारखी. उद्या दुपारनंतर हा दुसरा रंग जगात कुठंच असणार नव्हता. मला कुणाचं काही पास करायचं नव्हतं, तरी हात जुन्या सवयीनं चालायला लागले. फुलाचा फोटो काढला. फूल उजव्यानं पाहायचं, पडद्यावरचा फोटो डाव्यानं, आणि दोन्ही जुळेपर्यंत थांबायचं नाही. जे चुकून केलं होतं तेच आता ठरवून. पडद्यावरचं प्रूफ मी नोकरीत कधी मान्य केलं नसतं, पण बुधवार एकच होता.

कॅमेऱ्यात पांढऱ्याचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, केल्विनमध्ये हातानं बसवता येतो. ५५००वर फूल फारच निळं. ६५०० केलं, थोडं जवळ. ७७००, पाकळीचा कडेचा भाग जुळला, गाभा नाही. ९१००. मग रंगांच्या चौकोनी जाळीत जाऊन टिंब अंबरकडे, म्हणजे पिवळसर बाजूला, सरकवलं, एक घर, दोन, शेवटच्या सहाव्या घरापर्यंत. मागची पांढरी भिंत आता जुन्या मासिकाचं पान झाली. अजून थोडा उजळपणा कमी. वहीत फुजीच्या खान्याखाली रिकामी जागा होती, तिथं आकडे लिहिले आणि सवयीनं खाली सही केली.

"चहा निवतोय," म्हणत बायको बाहेर आली आणि खांद्यावरून पडद्यात डोकावली. "अहो, गोकर्ण असा कुठं असतो? मळकट काढलाय."

"उजवीकडून असाच आहे. उद्यापर्यंत."

तिनं फुलाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे मीपण इतकी वर्षं अशीच दिसत होते?"

मी काही बोललो नाही. तिनं कप कठड्यावर ठेवला, पदर सारखा केला आणि कुंडीशेजारी जाऊन उभी राहिली. "मग माझाही एक काढून ठेवा. त्याच रंगात."

सवयीनं कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. कॅमेऱ्याचं पिवळं आणि डोळ्याचं पिवळं एकावर एक चढलं, आणि ती पार हळदीतली दिसायला लागली. डोळा बदलायला हवा होता. तिनं विचारलं, "हसू का?" आणि मी खटका दाबला.